पोटखराबा

सातबाऱ्यावर तिला एकच शब्द आहे:
पोटखराबा. अकरा गुंठे.
म्हणजे नांगर न लागणारी,
कुंभ्याच्या झाडाखालून व्हाळापर्यंत उतरलेली
जांभ्याची चिंचोळी पट्टी.

सहा वर्षं मी तिच्यात जे करते
ते कुणाला काम वाटत नाही.
दिवाळी झाली की रानमोडी उपटते,
फुलायच्या आत, मुळासकट.
हाताला तिचा उग्र वास जेवतानाही राहतो.
बाकी काहीच करत नाही.
पाला जाळत नाही. वठलेला किंजळ पाडत नाही.
हे न करणं मला फार उशिरा जमलं;
कोयती दिसली की हात शिवशिवायचे.

भिकाजी घाडी गडग्यावर कोपर टेकून विचारतो,
"वयनी, हयसर काय ठेवलंस गो? काजू लाव."
त्याचा सडा चिरेखाणीला गेला.
चिरे कापायचं यंत्र दुपारभर ओरडतं
आणि माझ्या करवंदीवर तांबडी धूळ बसते.
मी म्हणते, बघू.
त्याला दाखवायला माझ्याकडे असते फक्त एक वही.

एकोणतीस मे. नवरंग. नुसता आवाज.
तीन नोव्हेंबर. व्हाळातल्या दगडावर उदाची विष्ठा,
खेकड्याच्या कवचाचे तुकडे.
अकरा जानेवारी. वारूळ फोडलेलं.
कुत्रा नव्हे. कुत्रा इतकं नीट उकरत नाही.

या शेवटच्यासाठी चार रात्री पडवीत बसले.
डास चावले, दुसरं काही नाही.

मग फेब्रुवारीत, रात्री दहाच्या सुमाराला,
भिकाजी खताची गोणी छातीशी धरून दारात.
"खाणीत पडललो. तुझोच असतलो."

त्या गोणीची किंमत त्याला ठाऊक होती,
मलाही.
आम्ही दोघं त्यावर बोललो नाही.

कुंभ्याखाली गोणी उलटी केली.
नारळाएवढा खवल्यांचा गोळा,
घट्ट, आतून कडी लावल्यासारखा.
भिकाजीनं विजेरी विझवली. विडी पेटवली नाही.
किती वेळ गेला कोण जाणे.
मग पाल्यात कुरकुर,
थांबत थांबत, व्हाळाच्या बाजूला.
दिसलं काहीच नाही, ऐकू आलं तेवढंच.

भिकाजी हळूच म्हणाला,
"ह्येका खावक काय घालतंस गो?"

"काही नाही," मी म्हटलं. "रानमोडी उपटते."

तो बराच वेळ अंधाराकडे बघत राहिला.
मग गोणी झटकली, घडी घातली
आणि काखेत मारून गडगा ओलांडला.