फुटामागं एक सूत

पोरगा कागद घेऊन आला. कागदावर तीन रकाने:
नाव, साल, काय केलं.
उद्यमनगरच्या प्रदर्शनात लावायचंय म्हणाला.
मी म्हटलं, बस. चहा घे.
रकाने लई अरुंद पाडलेत रे बाबा.

साल मला सांगता येणार नाही.
एवढं आठवतंय की पंचगंगेचं पाणी उतरलं होतं
आणि आई रोज पहाटे घाटाखालून वाळू आणायची.
चाळायची, काकवी शिंपडून मळायची,
मग मुठीत दाबून बघायची.
मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे तसेच राहिले
की म्हणायची, "हां, आता धरंल लोखंड."
चंपूबाई यल्लाप्पा सुतार.
कुठल्या रकान्यात बसवशील?

इंजिन विलायती, नेमगोंडा अण्णांच्या मळ्यावरचं.
शिरोळहून बैलगाडीनं आलं,
तडकलेल्या हेडाला सुतळ्या गुंडाळून.
नवं हेड बोटीनं यायचं, सहा महिने लागणार होते.
"आठ दिवसांत काय ते करा," अण्णा म्हणाले, "ऊस वाळायलाय."
दस्तगीर शिकलगार काहीच बोलला नाही.
पाना उचलला आणि नट सोडवायला बसला.

त्या रात्री शेडच्या भिंतीवर
खडूनं अख्खं इंजिन उतरलं,
पुलीपासून पिस्टनच्या कड्यापर्यंत.
इंग्रजी एकालाही येत नव्हतं.
मापं सगळ्यांना वाचता येत होती.

बाबांनी सागवानाचा पॅटर्न केला.
मी भुसा झाडता झाडता विचारलं,
"मूळच्यापेक्षा थोरला का केलाय हा?"
"लोखंड निवताना आकसतंय पोरी.
फुटामागं एक सूत जास्ती धरायचं,
न्हाईतर हातात येतंय ते बारकं येतंय."

पहिलं ओतलं, त्यात नुसती भोकं.
दुसरं चांगलं निघणार असं वाटत होतं.
मध्यरात्री वाळूतून टक् असा आवाज आला.
सगळे उठून बसले. कंदील कुणीच लावला नाही.

तिसऱ्यावर शिकलगारानं दोन दिवस, दोन रात्री कानस चालवली.
काजळी फासायची, टेकवायचं, उचलायचं,
काळं लागेल तेवढंच घासायचं.
पुन्हा काजळी.

नवव्या दिवशी हँडल मारलं.
सिदू लोहाराचं मनगट सुजलं, तरी गप्प.
सिदूनं एक शिवी दिली. मग धूर. मग
फक्, फक्फक्, आणि लागला ठेका.
शेजारच्या तालमीतली पोरं लंगोटावर पळत आली, अंगावर तांबडी माती.
आई दारात, कपाळाला लावलेला हात वाळूचा.

अण्णांना वाटलं, जुनंच सांधून दिलंय.
कुणी काही सांगितलं नाही.
पितळी पाटी तीच, परदेशी कंपनीची,
आईनंच चिंचेनं घासून लख्ख केलेली,
आणि पाटीखाली आमचं हेड.
फुटकं मात्र बाबांनी ठेवून घेतलं,
पुढं चौदा वर्षं आमच्या दाराला टेकण होतं ते.

अठ्ठावीस वर्षं त्या इंजिनानं ऊस भिजवला.
मग वीज आली, मोटार बसली.
इंजिन भंगारात गेलं, भंगार भट्टीत.
म्हणजे ते हेड आता
कुणाच्या ट्रॅक्टरच्या पोटात असेल,
नाहीतर माझा नातू मशीनवर मायक्रॉनमध्ये कापतो
आणि खोक्यात भरून जहाजावर चढवतो, त्यात.

परवा त्याला विचारलं,
तुमच्यात किती धरतात रे, आकसायला?
स्क्रीनवर बघून म्हणाला, एक टक्का, आज्जी.
मी बोटांवर हिशेब केला.
इंचाला आठ सूत, बारा इंचाला शहाण्णव.
शहाण्णवात एक.
तेच की!

चहा गार झाला तुझा. राहू दे, दुसरा टाकते.
सालाची जागा मोकळी सोड.
नावं चार आहेत, रेघेबाहेर गेली तर जाऊ देत.
आधी आईचं.