आमच्या घरी त्याला नाव नाही

हार्डांगरच्या कुठल्याही घरी, बारशाला, साठीला,
काचेच्या उंच वाडग्यातून ते गोड टेबलावर येतं
आणि यजमानीण जरा लाजत, जरा मिरवत नाव घेते:
‘पदराआडच्या गावपोरी’.

कृती सोपी. आंबटसर सफरचंदं सोलून शिजवायची,
पार लगदा व्हायच्या आत उतरवायची.
शिळ्या रस्कचा चुरा लोण्यासाखरेत परतायचा,
घरभर वास सुटेस्तोवर.
मग थरावर थर, आणि सगळ्यावर
फेटलेली साय, खालचं काही दिसू नये इतकी.
साय म्हणजे पदर.
चुरा म्हणजे उन्हात रापलेली कातडी.
आणि सफरचंद म्हणजे काय?
चमचा घाला, कळेल, असं म्हणून पुरुष हसतात.

शाळेत बाईंनी वेगळं सांगितलं:
गरिबाघरी साय सणापुरती,
साधी पोर एक दिवस नवरी होते
तसं हे साधं फळ एक दिवस झाकून येतं.
मी वहीत लिहिलं. दहापैकी नऊ.

घरी आईला वाचून दाखवलं.
ती बटाटे सोलत होती.
‘आपण त्याला सफरचंदाचं म्हणतो,’ म्हणाली.
आणि आपल्याकडे साय वेगळ्या किटलीत का,
हे विचारलं, तर सालं उचलून कोंबड्यांकडे गेली.

सदतीस वर्षांनी कळलं.
गुन्वोर मावशीला माती देऊन आलो होतो.
चर्चच्या सभागृहात कॉफी, आणि शेजारच्या मळ्यातली ओडलाउग,
नव्वदीची, स्वतःला ऐकू येत नाही
म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणारी.

‘पंचेचाळीसचा मे,’ ती म्हणाली.
‘झेंडे, भोंगे, बागा नुसत्या पांढऱ्याफेक.
पाच वर्षांत पहिल्यांदा साय घरात राहिली होती.
तुझ्या आजीनं तळघरातली शेवटची बरणी उघडली.

गुन्वोर जिना उतरून आली.
रुमाल पार भुवयांपर्यंत ओढलेला.
आदल्या दिवशी धक्क्यावर, मेंढ्यांच्या कातरीनं,
आपल्याच गावच्या पोरांनी.
त्यातला एक माझा भाऊ.’

(तो जर्मन कोण होता, कुणाला धड आठवत नाही.
सायकली दुरुस्त करायचा म्हणे.)

‘वाडगा मधोमध. तुझ्या आजोबांचा भाऊ पाहुणा आलेला.
सवयीनं म्हणाला, अरे वा, पदराआडच्या—
आणि तिथंच थांबला.
मी दारात उभी होते, उसनी साखर परत करायला.

तुझी आजी उठली.
मोठा डाव घेतला आणि सगळी साय खरवडून काढली,
पाच वर्षांची वाट पाहिलेली साय, गं,
बशीत घालून खाली मांजरापुढे ठेवली.
मग पहिलं वाढलं गुन्वोरला.
उघडं. तपकिरी. जसं होतं तसं.
ते प्रेम होतं की तिच्यावरचा राग की आमच्यावरचा,
मला अजून सांगता येत नाही.
गुन्वोरनं संपवलं. वाटी पुसून खाल्लं.’

मी शवपेटी बंद व्हायच्या आधी पाहिलं होतं:
मावशीची वेणी, पांढरी, कमरेच्या खाली.
त्या मे महिन्यानंतर तिनं कात्री लावलेली
कुणी पाहिली नव्हती.

चर्चमधल्या बायकांनी गोड आणलं होतंच.
काचेचा वाडगा, वर पांढरा ढीग, कुणी न मोडलेला.
सगळे माझ्याकडे बघत होते, घरचं माणूस म्हणून.
मी चमचा घातला, साय एका कडेला सारली,
सगळी निघाली नाही.
थोडी चिकटून राहिली, राहू दिली.

ओडलाउगनं वाटी पुढे केली.
हात कापत होता, वाटी बशीवर वाजत होती.
आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल,
ती हळू बोलली:
‘सफरचंदाचं वाढ.’