घुबड म्हणजे म

पारोळ्याच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
एप्रिलमधल्या तिसऱ्या तासाला
मी फळ्यावर घुबड काढलं.
त्याशेजारी एक लाट, बोरूचं पान, उघडा डोळा.
बाहेर जिनिंगच्या आवारात सरकीचा ढीग तापत होता
आणि अकरा पोरं वहीत घुबड उतरवून घेत होती,
पिसांवरच्या ठिपक्यांसकट.
मागच्या बाकावरून प्रश्न आला:
मॅडम, परीक्षेला येईल का?

सांगत होते की दोनशे वर्षांमागे
तिकडचे कवी या चित्रांनी झपाटले होते.
एक सेनापती मिसरात उतरला तोफा घेऊन,
तोफांमागे मोजपट्ट्या, चित्रकार, झाडपाला ओळखणारे.
लढाई हरले, चित्रं तेवढी घरी नेली.
मग पॅरिसात खुर्च्यांना सिंहाचे पंजे फुटले,
बायकांच्या गळ्यात सोन्याचे शेणकिडे आले,
आणि जो तो कवी
न पाहिलेल्या वाळूत रात्र रात्र चालू लागला.
नाईल बहुतेकांनी पाहिलीच नव्हती.
पाहिली असती तर अडचणच झाली असती.

(त्याच सुमाराला इकडे खानदेशात
कंपनीची मोजणीची साखळी पडत होती.
आपल्याला कुणी स्वप्नात घेतलं नाही,
सरळ वहीत घेतलं.)

त्यांना वाटे, घुबड म्हणजे मरण,
लाट म्हणजे जिवाचा पलीकडचा प्रवास,
आणि डोळा म्हणजे, छे, ते तर बोलायचंच नाही.
जे वाचता येत नाही
त्याच्यावर किती जीव जडतो माणसाचा!
मग एकदा कुलूप निघालं.
घुबड म्हणजे म.
लाट म्हणजे न.
आणि भिंती बोलल्या त्या काय,
तर गेलेल्याला द्या हजार भाकरी, हजार मडकी दारू,
बैल, बदकं, धुवट कापड.
वर्ग हसला. मीही हसले.
घंटा झाली.

रंजना झिपरू चौधरी थांबली.
ओढणीखालून हळदीनं पिवळं पडलेलं फडकं काढलं,
फडक्यात कागद, घडीवर फाटत आलेला.
"हाई आमना घरमा कोनले वाचता येत नई."
दसऱ्याला पूजतात. आजोबा, तोताराम तेली,
सांगतात की सनद आहे, अख्ख्या गावाची,
कुणा राजानं दिलेली,
वाचणारा भेटला की दिवस फिरतील.

मोडी मी धुळ्याला शिकलेली, दहा दिवसांच्या शिबिरात,
जेमतेम. अक्षरं पळत होती
लेखणी न उचलता, पाय न टेकवता.
मी बोट ठेवत गेले.
श्री. शके सतराशे चव्वेचाळीस.
करडीचं तेल सव्वा शेर, धोंडू गुरव, देवळाकरिता. बाकी.
सरकी दोन पायली.
घाण्याचा बैल लंगडतो, बिबा लावला.
खारका, पोरीस.

मनात अठ्ठ्याहत्तर मिळवले.
अठराशे बावीस.
म्हणजे ज्या साली तिकडे घुबडाचा म झाला,
त्याच साली इथे कुणीतरी रडणाऱ्या पोरीला
खारका आणून दिल्या
आणि खर्ची टाकल्या.

रंजनाला हे सांगितलं नाही. तिनं एवढंच विचारलं,
"पोरीचं नाव?"
नाही लिहिलेलं.
ती कागदाकडे बघत राहिली, मग म्हणाली,
आजोबांना सनदच सांगते, मॅडम.
आणि फडकं बांधताना गाठ
नेहमीपेक्षा सैल मारली,
आत कुणी निजलेलं असावं तशी.

दुसऱ्या दिवशी घुबड तसंच फळ्यावर.
शिपाई उखाभाऊ पुसायला तयार नाही,
म्हणे, मंगळवारी नको.
नंतरचा तास कॉमर्सचा. सरांनी त्याला वगळून
उरलेल्या जागेत उभी रेघ ओढली,
डावीकडे जमा लिहिलं,
उजवीकडे नावे.