एकशे सतरा

खवण्याच्या जत्रेत रात्री साडेबाराला
संकासुर नाचून गेला, आख्यान लागले,
आणि खाजेवाली शेवंती मोंडकर
तागडी हातात तशीच धरून
माझ्या टेबलापाशी आली.
"मशीनवाल्या, थंय मागे सगळा दोन-दोनदा ऐकाक येता.
राजा एकदा बोलता, मगे परत बोलता.
मरताना काय करतलो?"

तिचे दुकान शेवटच्या माडाखाली.
त्याच माडाला मी उजेड असताना
मागच्यांसाठी एक बॉक्स बांधला होता.
तारेला अंतर कळत नाही.
रंगमंचावर शब्द सुटतो न सुटतो
तोच तो तिच्या डोक्यावर हजर,
आणि पुढच्या बॉक्समधला, तोच शब्द,
वाळूवरून, टोप्यांवरून, भज्यांच्या धुरातून
चालत येतो बिचारा,
सगळ्यांना ठाऊक असलेली बातमी
सांगायला आलेल्या पाहुण्यासारखा.

मी पावले मोजली.
अठ्ठेचाळीस, झोपलेली दोन पोरे ओलांडली ती धरून.
छत्तीस मीटर.
एकशे पाच मिलिसेकंद.
वर बारा घाल, कैतान मास्तर म्हणायचे,
कान ज्याला आधी ऐकतो त्याच्याकडे तोंड करतो.
जवळच्याने थांबावे,
लांबून आलेल्याला आधी आत जाऊ द्यावे.
एकशे सतरा.
मी आकडा ठेवला आणि माडाखाली जाऊन उभा राहिलो.
माड गप्प झाला होता.
बोलत होता, पण गप्प झाला होता.
सगळे राजाच्या तोंडातून येत होते.

दुसरी गोष्ट मी सहसा सांगत नाही.
रॅकमध्ये सगळ्यात खाली एक लाल दिवा आहे.
कैतान मास्तरांनी एका रात्रीत चार हॉर्न जाळले होते;
कांदा करपला तरी
त्यांना त्या कॉइलचाच वास यायचा, शेवटपर्यंत.
म्हणून ते लिमिटर लावायचे
जुन्या घराच्या दारासारखा.
"आवाजाक सांगायचा, ये बाबा,
पण दार ठेंगणा आसा, वाकान ये."

तीन वाजता राजा मेला.
जगू मेतर मरताना लेकाला हाक मारतो.
ती कुठे लिहिलेली नाही, दर गावात वेगळी निघते.
त्या रात्री निघाली ती
लाल दिवा लावून गेली आणि दिवा विझेचना.
हाक वाकली,
दारातून आत आली,
पण अख्खी आली असे मला म्हणता येणार नाही.

अर्धा रंग पुसून जगू आला. चहा घेतला.
"माझी हाक खाल्लंस."
"खाल्ली नाय. वाकवली. नायतर कर्णो जळलो असतो."
त्याने गळ्यावरून हात फिरवला,
मिशीचा डिंक अजून ओठावर होता.
"तुझो कर्णो वाचलो. माज्या गळ्याक खंय आसा तसला?"
माझ्याकडे उत्तर नव्हते,
मी त्याला दुसरा चहा मागवला.

दहीकाला झाला. मतलई वाऱ्याला थंडी सुटली.
मी कोपर आणि पंज्यामध्ये केबल गुंडाळत होतो,
आत वाळू, वाळूत कुणाचे तरी कानातले,
तेव्हा शेवंती पुडा घेऊन आली.
आल्याचे खाजे, पैसे घेतले नाहीत.
"आता एकदाच मेलो," ती म्हणाली.
मी हसलो. मला वाटले, शाबासकी.

"पयलाच बरा होता रे.
पयल्या मरणाक मी खाजा तोलीत होतंय,
गिऱ्हाईक थांबना नाय.
दुसऱ्या मरणाक रडाक गावायचा."

आणि तागडी काखेला मारून
ती किनाऱ्यावरच्या टेम्पोकडे निघाली.

लांब खडकावर लाट फुटलेली दिसली.
मी मोजायला लागलो, सवयीने,
आवाज येईपर्यंत.

वहीत मी लिहिले आहे:
खवणे, शेवटचा माड, ११७.
आकडा बरोबर आहे.
पुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह आहे,
ते पुढल्या जत्रेपर्यंत राहू दे.