एकीला झाकावं, दुसरीला काढावं

व्हर्न फ्रीझनच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दोघी ट्रेलरवर, शेजारी शेजारी.
एकवीस फूट ही, एकवीस फूट ती.
एकीचा निळा पट्टा जरासा गडद,
तोही उजेडात आणल्यावर.

पंखा दोघींचाही पोटाखाली,
म्हणजे मागे पोहणाऱ्या पोरांची बोटं शाबूत,
असं व्हर्न सांगतो, आणि स्वतःची चार दाखवतो.
पाचवं बोट बोटीनं नाही नेलं,
ते धान्य उपसणाऱ्या मळसूत्रात गेलं, शहाऐंशी साली.

ओरेस्ट दातांत टॉर्च धरून खाली शिरलाय.
बोटीच्या बुडावर टकटक करतो,
कलिंगड घेताना करतो तशीच.
तीन आठवडे तो वहीत डावं-उजवं करतोय:
तीनशे बारा तास चाललेली, तीनशे चाळीस तास चाललेली,
गादीची एक उसवलेली शिवण,
किमतीत अकराशे डॉलरचा फरक.
तेवढ्यात पेरणीयंत्राचं एक टायर येत नाही,
पण रात्री दोन वाजता तो उठून बसतो,
मला विचारतो, जागी आहेस?

फरक आहे तो एवढाच:
हिचं इंजिन मधोमध, पेटीत,
तिचं मागे, गादीखाली.

तळ्यावरचा बर्फ जाऊन बारा दिवस झालेले.
लारिसानं रबरी पोशाख चढवला,
दोरी धरली, दात वाजवत म्हणाली, चला.
हिच्यामागे पाणी इस्त्री केल्यासारखं.
तिच्यामागे लहानसा उंचवटा,
दानिलोला तोच हवा, उडी मारायला,
तो नऊ वर्षांचा आहे, त्याला सगळीकडून उडी मारायची असते.
लारिसा ओठ निळे घेऊन वर आली.
कुठलीही घ्या, म्हणाली,
मी सप्टेंबरात हॅलिफॅक्सला.

मग कोणी काही बोललं नाही.
व्हर्ननं दोरी गुंडाळली, उगाच दोनदा.

माझी जागा दोघींत सारखीच:
पाठ पुढे, तोंड मागे, हातात नारिंगी झेंडा.
दोरीच्या टोकाला कोण आहे ते बघायचं,
पडलं की ओरडायचं.
सात उन्हाळे मी हे तळं
ओलांडून झाल्यावरच पाहिलंय.
काठ, धक्का, कोवाल्चुकांचं हिरवं छप्पर,
सगळं माझ्यापासून लांब जाताना.

तिच्यात मागे ऐसपैस, तेरा माणसं बसतील.
मी मोजली आमची. पाच.
सप्टेंबरापासून चार.
गीदो धरून.

गीदो अख्खी दुपार एक शब्द बोलले नव्हते.
हिच्यात चढवलं त्यांना, दोघांनी धरून.
वाकून त्यांनी इंजिनाच्या पेटीवर पंजे टेकले,
जसे पूर्वी गोठ्यात गाईच्या कुशीवर टेकायचे,
आणि म्हणाले, तेप्लो.
गरम आहे.
दानिलोनं ओला टॉवेल तिथेच पसरला,
लारिसा त्यावर गालच ठेवून बसली,
आणि ओरेस्ट, वही बंद करून,
अडचण मधोमध असली की बाजूने जावं लागतं,
असं काहीतरी पुटपुटला.
ही तक्रार होती की निकाल, मला कळलं नाही.
मी म्हटलं, हीच.
कारण विचारू नकोस.
त्यानं विचारलं नाही,
वीस वर्षांत पहिल्यांदाच.

चेक लिहून झाला.
व्हर्ननं दुसरीवर ताडपत्री ओढली,
चार बोटांनी गाठ मारली, घट्ट.
झाकलेली ती जरा मोठी वाटली,
जरा चांगलीसुद्धा.

कच्च्या रस्त्याला लागल्यावर
ओरेस्ट आरशात बघत म्हणाला,
गडद पट्टा आपलीचा की तिचा?
कोणालाच आठवेना.
मी मागे वळून पाहिलं,
सवयच ती.
ट्रेलरमागे धूळ इतकी उठली होती
की बोट आहे एवढंच दिसत होतं.