खाटेखालची लाईन

आमच्या तालुक्यात रूळ नाहीत.
गाडी धरायची तर दापोली चढा, खेडला उतरा.
पण हर्णैत, बंदरामागच्या तिसऱ्या आळीत,
इद्रूस मुकरींच्या खाटेखाली
सहा डब्यांची भुयारी गाडी आहे
आणि ती दर चार महिन्यांनी बंद पडते.

मी वायरलेसवाला.
होड्यांचे सेट, मासे दाखवणारे पडदे,
इन्व्हर्टर, एकदा मशिदीचा भोंगा.
मासेमारी बंद असते तेव्हा दुकानाच्या बाकावर
गिऱ्हाईक म्हणून कुत्रं बसतं.
मग त्यांचा नातू निरोप घेऊन येतो:
"आजोबा म्हणतात, लाईन तुंबली."

कपाळाला विजेरी बांधून मी पालथा पडतो.
आधी एक चप्पल, लोणच्याच्या दोन बरण्या,
तांदळाची गोण सरकवायची.
मग स्टेशनं दिसतात:
पाजपंढरी, आंजर्ले, केळशी.
काड्यापेटीच्या पाठीवर त्यांनीच लिहिलेली,
केळशीतला ळ ओल धरून फुगलेला.
खाडीखालचं भुयार म्हणजे
चार इंची पाइप, उभा चिरलेला.

दोष नेहमीचाच. खारा वारा.
पितळ कळकतं, रुळांवर हिरवी साय धरते,
वीज चाकापर्यंत पोचतच नाही.
मी आधी खोडरबर फिरवतो, मग स्पिरिटचा बोळा.
पहिला काळा निघतो, दुसरा राखाडी,
तिसराही राखाडीच.
पांढरा बोळा या गावात मी पाहिलेला नाही.
मोटारीचे कार्बन झिजून कणीएवढे झालेले;
मिक्सरचे आणून
कानशीवर घासत बसतो, जेवणवेळ टळेपर्यंत.
शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब,
सुईच्या टोकावर.
दुसरा दिला की धूळ धरते,
हे वरून दर वेळी ऐकावं लागतं:
"एकच, चोगले. एकच."

सव्वीस वर्षं ते जहाजावर तेलवाले,
पाण्याच्या रेषेखाली.
हांबुर्गला एकदा आठ तासांची सुट्टी मिळाली.
वर गारठा, हातमोजे नव्हते,
म्हणून तिकीट काढून
दिवसभर जमिनीखालीच फिरले.
"शहर कसं होतं?" मी विचारलं होतं.
"मला काय ठाऊक?
मी त्याचे तळवे पाहिले."

या खेपेला गाडी हलेचना.
रूळ साफ, वीज पोचते,
मोटार हातात फिरते
आणि खाली टेकवली की नुसती गुरगुरते.
तिसऱ्या डब्याचा आस अडकलेला.
चिमट्यात केस आला,
लांब, मेंदीनं तांबडा,
चौदा-पंधरा वेढे, करकचून.

जैबूनखाला गेल्या त्याला दोन रमजान झाले.
खाटेखाली झाडू घालायच्या
तेव्हा गाडीला शिव्या द्यायच्या,
मालवाहू, भंगार, सवत.

ब्लेड हाताशी होतं. तोडला नाही.
उलट्या दिशेनं एकेक वेढा सोडवत गेलो.
वर खाट करकरली.
"काय सापडलं?"
"धागा."
"कसला?"
"जाळ्याचा असेल."
बराच वेळ नुसता पंखा.
मग: "लाल आहे?"

मी बाहेर आलो. त्यांच्या तळहातावर ठेवला.
उजेडात धरून वगैरे पाहिला नाही त्यांनी,
सुट्या स्क्रूंच्या डबीत टाकला,
झाकण दाबून लावलं.
"चालव आता."

गाडी सुटली. खाटेच्या फळ्यांत
बारीक थरथर शिरली.
डोळे मिटून ते ऐकत राहिले.
"आंजर्ल्याला अडखळते."
"पुन्हा बघू का?"
"राहू दे. तिथं चढणारं माणूस असतं."

पैसे विचारले. स्पिरिटचे सांगितले तेवढेच.
मोरीत साबण लावून हात धुतले दोनदा.
नखांतलं हिरवं
तरी जात नाही लगेच.