चिमूटभर

समुद्र इथून एका रात्रीच्या बसवर.
माझ्या रामबागेतल्या दवाखान्यात मात्र तो
चार फूट बाय दीड, वेटिंगच्या बाकासमोर,
मीच बादलीत कालवलेला:
नर्मदेचं पाणी, पोत्यातलं मीठ
आणि घनता मोजायची एक काचेची नळी.

खडक चेन्नईहून आला, ओल्या तमिळ वर्तमानपत्रात.
एक ओळ उलटी उमटून राहिली होती दगडावर,
कुणाच्या निधनाची की साड्यांच्या सेलची, कोण जाणे.
जिवंत खडक म्हणतात याला.
भोकाभोकांतून काहीतरी डोकवायचं,
दिवा लावला की आत ओढून घ्यायचं.

मग माघात कधीतरी केस फुटले त्याला.
हिरवे, विरळ, नुकत्या मिशीसारखे.
पंधरवड्यात जटा.

तेवीस वर्षं मी माणसांच्या दातांवरचं कीट काढतोय.
म्हटलं, हे ते काय!
दगड परातीत घेतला.
मऊ ब्रश, मग कडक, मग स्केलरची आकडी,
मग सिरिंजने पेरॉक्साइड. असा फेसाळला
की वाटलं आता चूळ भरेल.
तीन दिवस दिवे बंद, टाकीवर काळं कापड.
पागनीसमावशींनी कवळी काढून विचारलं,
"सुतक आहे का हो कुणाचं?"
वीस गोगलगायी मागवल्या. नऊ प्रवासातच गेल्या,
उरलेल्या काच चाटत बसल्या,
दगडाकडे ढुंकूनही नाही.

उपटलेलं सगळं सकाळी ओल्या कचऱ्यात.
गाडीवाला वाकून बघायचा:
"डाक्टर साब, रोज पालक?"

मी नर्मदेला बोल लावला,
निमाडातल्या खतांना,
सहा हजारांचं फिल्टर बसवलं.
फॉस्फेटची कुपी तरी निळीशारच.

परवा कसरावदची एक पोरगी. दाढ किडलेली.
खुर्चीत बसेना, रडून दवाखाना डोक्यावर.
हातमोजे चढवताना मला दाराच्या फटीतून दिसलं:
केसरबाईनं तिला स्टुलावर उभं केलंय,
तळहातावर माशांचे दाणे ठेवलेत.
"बस, चिमटी भर. देख,
मुँह कैसे खोलता है. अब तू."
पोरगी आ करूनच आत आली.

म्हणजे हे असं आहे तर.
दोन महिन्यांचा डबा अठरा दिवसांत का संपतो,
मी कधी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी बोलायचंच म्हणून बाहेर आलो.
ती फरशी पुसत होती.
"डिब्बा ख़तम हो रहा," मान वर न करता म्हणाली.
मागवतो, म्हणालो.

आता रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढतो,
बाही दुमडून खांद्यापर्यंत हात समुद्रात.
जुना ब्रश, हलका दाब,
गोल गोल, हिरडीकडून दाताकडे,
सगळ्यांना सांगतो तसं. करत कुणीच नाही.
बोटांना हिरवे केस गुंडाळून येतात.
त्यात ती कसरावदची असेल,
आणि मागच्या आठवड्यात
मला कडकडून चावला, तोही.

उद्या शनिवार.
पोरं जास्त.